पेन्सिलीची नोंद, शाईची नोंद : पळस्प्याच्या जमिनीचे फेरफार (धागा)

मुंबईहून कोकणात निघालेला जवळजवळ प्रत्येक प्रवासी पळस्पे फाटा ओलांडतो. पनवेल मागे पडले की जुना मुंबई-पुणे रस्ता बोरघाटाच्या दिशेने पुढे जातो आणि गोव्याचा रस्ता येथे उजवीकडे, कर्नाळ्याच्या सुळक्याकडे वळतो. घाटातून जाणारा तो पुण्याचा रस्ता १८३० साली वाहतुकीस खुला झाला. गोव्याचा रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग १७ आणि नंतर ६६ या क्रमांकाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि ते किती रखडले हे गणपतीला गावी जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

या डांबराखाली मात्र आकडे आहेत. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक. रस्ता रुंद होतो तेव्हा शेताचा तुकडा पडतो, तुकड्याला नवा आकडा मिळतो आणि जुन्या आकड्याशी बांधलेली माणसे नव्या आकड्याखाली येऊन उभी राहतात.

आजचा धागा एका जुन्या प्रश्नाविषयी आहे. कागदावरची एखादी नोंद बदलली, त्या बदलाच्या आधारावर आणखी चार नोंदी झाल्या आणि मग पहिलीच नोंद चुकीची ठरली, तर मागे कसे जायचे? संगणकशास्त्रात हा प्रश्न डेटाबेसचा म्हणून शिकवला जातो. महाराष्ट्राच्या गावदफ्तराला तो शंभराहून अधिक वर्षांपासून पडलेला आहे.

आधी थोडे मागे. मराठेशाहीतील दफ्तरदारांना कागदात नंतर कोणी काही घुसडेल ही भीती चांगलीच ठाऊक होती. राजपत्राच्या शेवटी मर्यादा मुद्रा किंवा मोर्तब उमटवत, म्हणजे मजकूर येथे संपला, याखाली लिहिलेले खोटे. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवत आणि जोडावर मागल्या बाजूने शिक्का मारत. मधला बंद बदलला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळत नाहीत. पत्र दफ्तरात चढले की त्यावर ‘बार’ असा शेरा पडे.

ही व्यवस्था एकेका कागदाची राखण उत्तम करी. पण वतनाचा एक कागद बदलला तर त्याच वतनाशी जोडलेले बाकीचे कागद आपोआप बदलत नसत. जुनी सनद एका भावाच्या घरी, नवी दुसऱ्याच्या. मग गोत बसे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. वतनांचे कित्येक तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्याचे एक कारण हे विखुरलेपण होते.

इंग्रजी अमलात प्रिंगलची पहिली मोजणी फसली. त्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातून नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. (महामार्गाचा टप्पा ज्या इंदापुरात संपतो ते रायगडातले. नावाचा हा योगायोग अनेकांना गोंधळात टाकतो.) या मोजणीने प्रत्येक शेताला क्रमांक दिला, हद्दीला निशाणी दिली आणि आकारणी ठरवली. माणूस मेला, शेत विकले, तरी क्रमांक तोच. आजच्या भाषेत सांगायचे तर इतर सर्व नोंदी जिला टांगता येतील अशी खुंटी पहिल्यांदा मिळाली.

त्या खुंटीवर सरकारने आरंभी एकच गोष्ट टांगली : सारा कोण भरतो. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याखालीही मुख्य चिंता तीच. आजोबा वारून वीस वर्षे झाली तरी खाते त्यांच्याच नावे चाले, कारण सारा येत होता. गहाण कोणाकडे, कसणारा कोण, हिस्सेदार किती, हे कागदावर दिसत नसे. दिसत नसल्याने ते नाकारणेही सोपे होते.

१९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यातच समाविष्ट झाली. पनवेल तालुका त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होता. १८८३ पर्यंत तो ठाण्याचा भाग होता, तर कुलाब्याचे रायगड झाले १९८१ मध्ये. जुना दस्त शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे. जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून कागद हरवलेला नसतो, तो वेगळ्या नावाखाली बांधलेला असतो.

हक्कनोंदणीची खरी करामत तिच्या रचनेत आहे. गावाचे दफ्तर १ ते २१ नमुन्यांत विभागलेले. त्यातला नमुना ७ म्हणजे हक्कांचे पत्रक आणि नमुना १२ म्हणजे पिकांचे. दोन्ही एका कागदावर येतात म्हणून सातबारा. नमुना ८-अ म्हणजे एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचे खाते. आणि नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही.

सातबारा सर्वांना माहीत असतो. त्या मानाने नमुना ६ उपेक्षित आहे आणि ही उपेक्षा अन्यायाची आहे. सातबारा फक्त आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली हे फेरफार सांगतो : कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने, कोणाच्या सांगण्यावरून, कोणाचे नाव गेले आणि कोणाचे आले. नियम असा की फेरफाराशिवाय सातबाऱ्यावरचा हक्क बदलत नाही. आधी वहीत घटना, मग पत्रकात परिणाम.

हस्तलिखित काळातील पद्धत पाहण्यासारखी आहे. मृत्यू, खरेदी, गहाण, वाटणी यांची वर्दी आली की तलाठी नमुना ६ मध्ये नवा क्रमांक टाकून नोंद लिही. सातबाऱ्यावर तो क्रमांक केवळ पेन्सिलीने मांडला जाई. चावडीवर नोटीस लागे, संबंधितांना स्वतंत्र सूचना जाई. हरकत आली तर प्रकरण नमुना ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाई. हरकत नसली किंवा निकाल लागला की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करी आणि तेव्हा कुठे सातबाऱ्यावर शाई लागे.

शाई लागताना जुने नाव खरवडले जात नसे. त्याला कंस केला जाई. नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जाई. ‘माझ्या नावाला कंस झाला’ हे वाक्य कोकणातील कोणत्याही तहसील कचेरीबाहेर आजही ऐकू येते आणि त्यात किती दुःख भरलेले असते हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. पण कंसाचा एक उपकारही आहे. कंसातले नाव वाचता येते. वर्तुळातला क्रमांक धरून नमुना ६ पर्यंत, तेथून त्याआधीच्या क्रमांकापर्यंत, असे मागे मागे जाता येते.

मग चूक झाली तर? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये मंजूर झाली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. हीच रचना तिने पुढे चालवली. नोंदीची वर्दी कलम १४९ प्रमाणे, फेरफार कलम १५० प्रमाणे. प्रमाणित नोंदीविरुद्ध कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, त्यासाठी मुदत ६० दिवस. उशीर झाला तर कारण दाखवून कलम २५१ खाली माफी मागता येते. त्यापुढे कलम २५७ चे पुनरीक्षण.

अपील मंजूर झाले म्हणून जुना फेरफार वहीतून फाडला जात नाही. आदेशाच्या आधारे नवा फेरफार पडतो, नव्या क्रमांकाचा, आणि तो सांगतो की अमुक क्रमांकाची नोंद रद्द झाली. चूक आणि दुरुस्ती दोन्ही वहीत शेजारी नांदतात.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. डेटाबेसमधील व्यवहारांच्या संकल्पनेवर जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये लिहिलेला निबंध त्या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. जमाखर्च लिहिणारा कारकून आकडा खोडत नाही, उलटी नोंद करून हिशेब जुळवतो, हा दाखला त्यात आहे आणि संगणकाने जागच्या जागी माहिती पुसून नवी लिहावी का, अशी शंकाही आहे. पनवेलच्या तलाठ्याने ग्रे वाचलेले असण्याचे कारण नाही. चोपडी त्यालाही माहीत होती इतकेच.

एवढी चोख रचना असूनही नावे हरवली. ती कोठे हरवली, हा या इतिहासाचा खरा गाभा.

पहिली जागा पुनर्लेखन. सातबाऱ्याच्या पानावर पीकपाण्याचे रकाने भरत येत, म्हणून साधारण दर दहा वर्षांनी नवे पान लिहावे लागे. जुन्या पानावरील चालू नावे नव्यावर उतरायची आणि कंसातली सोडायची. काम हाताने, शेकडो पानांचे. एक नाव राहून गेले तर त्या वगळण्याला फेरफार नसे. वहीत घटनाच नाही, पण पत्रकात परिणाम दिसतो. अशी चूक शोधायची तर जुने पान आणि नवे पान शेजारी ठेवूनच शोधावी लागते.

दुसरी जागा तीन अक्षरांची : ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारले की थोरल्या मुलाचे नाव या शेऱ्यासह लागे आणि धाकटे त्याच्या आड असत. पुनर्लेखनात शेरा गळला की थोरला एकटाच मालक दिसू लागे. अक्षरे तीनच, पण त्यांच्या मागे एखादे कुटुंब असे.

तिसरी जागा बहिणींची. वारस नोंदीत भावांची नावे कब्जेदार सदरी आणि बहिणींची ‘इतर हक्कात’, अशी वहिवाट अनेक गावांत पडली. काही नोंदींत बहिणींची नावेच आली नाहीत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्यात बदल करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने आणले. २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मानेच मिळतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. कायदा पुढे गेला, तरी त्याआधी प्रमाणित झालेल्या नोंदी शाईतच राहिल्या.

कुळांचेही तसेच. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो दीर्घ संप केला तो याच कुलाबा जिल्ह्यातला. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने खरेदीदार मानले गेले. कसणारा कोण, याचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव. ज्याचे नाव पीकपाण्याच्या पानावर लागले नव्हते त्याला घामाचा हिशेब तोंडी द्यावा लागला.

मग पनवेलच्या आसपास जमिनीचे मोल बदलले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन हाती घेतले गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढा, जानेवारी १९८४ मधील जासईचा गोळीबार आणि त्यानंतरची साडेबारा टक्के योजना हा स्वतंत्र धाग्याचा विषय. येथे एवढेच नोंदवायचे की विकसित भूखंड कोणाला द्यायचा हे ठरवताना पुन्हा जुना सातबारा, जुना फेरफार आणि वारसांची यादी उघडावी लागली. ज्या नावांकडे वीस वर्षे कोणी पाहिले नव्हते त्यांना अचानक किंमत आली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी सातबारे संगणकात भरले गेले. हे आणखी एक पुनर्लेखन होते, राज्यातल्या सगळ्या गावांचे. हाताने उतरवताना जे होत होते तेच टंकताना झाले : क्षेत्र जुळेना, नाव गळाले, कंसातला माणूस कंसाबाहेर आला. म्हणून हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा ओळीने ताडण्यासाठी ‘एडिट’ आणि मग ‘री-एडिट’ अशी मॉड्यूल आणावी लागली. गावोगाव चावडी वाचन झाले. सातबारे मोठ्याने वाचायचे आणि लोकांनी चुका सांगायच्या. संगणकाच्या युगात अखेरची तपासणी कानांनी झाली, ही गोष्ट मनोहर आहे.

आज ई-फेरफार प्रणालीत नोंदणी झालेल्या दस्ताची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयाकडून संगणकानेच तहसीलकडे येते. फेरफाराला क्रमांक मिळतो, नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतात आणि त्या एका कृतीने सातबारा व ८-अ दोन्ही बदलतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२० च्या नव्या नमुन्यात प्रलंबित फेरफार आहे की नाही आणि शेवटचा फेरफार कोणता, हे पानावरच छापले जाते. ती जुनी पेन्सिलच आहे, फक्त छापील. कंस मात्र गेला. कमी झालेल्या नावावर आता आडवी रेषा येते. नाव अजून वाचता येते, हे महत्त्वाचे.

तरीही जोडलेल्या नोंदी मागे नेण्याचा पेच सुटलेला नाही आणि तो केवळ महसूल खात्याचा नाही. रुबी ऑन रेल्सवर वेबसाइट बांधणाऱ्यांत पेपरट्रेल नावाचे साधन लोकप्रिय आहे. एका नोंदीच्या जुन्या आवृत्त्या ते सांभाळते आणि परत आणून देते. पण त्या नोंदीशी जोडलेल्या इतर नोंदीही त्याच क्षणाच्या स्थितीत आणायची सोय त्यात दीर्घकाळ प्रायोगिक मानली गेली आणि पुढे मुख्य साधनातून वेगळी काढण्यात आली. एक पान मागे उलटणे सोपे असते. त्या पानाचा आधार घेऊन इतरांनी मधल्या काळात जे केले ते उलटणे कठीण.

महामार्गालगतच्या गावात हे कसे घडते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका खातेदाराच्या मृत्यूनंतर फेरफार १०० ने दोन भावांची नावे लागली, बहिणीचे राहिले. फेरफार १५० ने थोरल्याने आपला हिस्सा विकला. मग रस्त्यासाठी संपादन झाले. मोजणी झाली, भूमी अभिलेख खात्याचे कमी-जास्त पत्रक आले, सर्व्हे नंबरचे दोन भाग पडले, आकार फोडला गेला आणि फेरफार १८० ने रस्त्याखालचा भाग शासनाच्या नावे झाला. आता बहीण अपिलात जाते आणि उशीर माफ होऊन फेरफार १०० रद्द होतो.

नोंद १०० फिरली म्हणून १५० आपोआप फिरत नाही. विकत घेणारा त्या अपिलात पक्षकार हवा, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. नोंदणीकृत खरेदीखत रद्द करणे महसूल अधिकाऱ्याच्या हातात नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय. मुळात फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग निकालासह अनेकदा सांगितले आहे. संहितेचे कलम १५७ नोंद खरी मानायला सांगते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. कलम १५५ चा आडमार्गही येथे बंद असावा. ते लेखनातील चुकीपुरते आहे, वादातील हक्क फिरवण्यासाठी नाही.

आणि नोंद १८०? राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ च्या कलम ३-ड ची अधिसूचना निघाली की जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे निहित होते. त्याआधी हरकतीला २१ दिवस असतात, पण बहिणीचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. तिच्यापुढे उरतो पैशाचा मार्ग. मोबदला कोणी किती घ्यावा असा वाद उद्भवला तर सक्षम अधिकारी तो मुख्य दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो.

तेव्हा तिच्यासाठी तलाठ्याने लिहिलेला नवा फेरफार सर्व्हे नंबरच्या उरलेल्या भागावर पडतो. रस्त्याखालच्या भागाचा सातबारा तसाच राहतो. त्याच्या तळाशी जुन्या फेरफारांचे क्रमांक ओळीने असतात आणि त्यातला १०० हा क्रमांक धरून नमुना ६ उघडला की वारसांच्या रकान्यात दोनच नावे दिसतात.